लिनोकटसाठी सावली कशी टिपावी

लिनोकटला (लिनो म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून, शाई लावून काढलेल्या छापचित्राला) सावलीसारखा सोपा विषय नाही: काळं आणि पांढरं, मधलं काही नाही. अट एवढीच, सावलीची कडा धारदार हवी. सूर्य बिंदू नव्हे, तबकडी आहे. त्यामुळे वस्तू कागदापासून १ मीटर लांब असली की कडा सुमारे ९ मिलिमीटर पसरते, १० सेंटिमीटरवर जेमतेम १. म्हणून कागद तुळशीच्या कुंडीला किंवा खिडकीच्या गजांना जवळपास टेकवूनच धरा. बाहेरची रेघ आधी ओढा, पाचेक मिनिटांत. सावली थांबत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसतो, तेव्हा रेखाटनं मे महिन्यातच करून ठेवलेली बरी.

ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र उतरवा, पेन्सिलीची बाजू लिनोवर पालथी टाकून घासा. छाप सरळ येते. सावली राखायची, ऊन कोरायचं. ३ मिलिमीटर लिनोला दीड मिलिमीटर खोली पुरते. लिनोच्या पाठीचे तागाचे धागे दिसले म्हणजे जास्त खोल गेलात. थंडीत लिनो कडक होऊन कोरायचं हत्यार निसटतं. लिनो दहा मिनिटं उन्हात ठेवा, आणि दुसरा हात कायम धारेच्या मागे.

मोठ्या काळ्या भागात मीठ सांडल्यासारखे ठिपके आले तर शाई कमी पडली किंवा दाब कमी. शाई एकदम थापू नका, बारीक रेघा बुजतात. रोलरने पातळ थर तीन-चारदा द्या, मग कागदावर लाकडी चमच्याची पाठ घासा. तेलाची शाई दमट हवेत हळू वाळते, छाप एकावर एक रचू नका.