प्रॉक्समॉक्सवरच्या व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप शेअर्ड फोल्डरमध्ये कसा घ्यावा

प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) चालवणारी प्रणाली. त्यात स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, घेतलाय म्हणून बॅकअपची गरज नाही, असं समजू नका. स्नॅपशॉट मशीनच्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर, बहुधा नॅसवर (नेटवर्कवरून फायली साठवणाऱ्या यंत्रावर), जायला हवा.

सुरुवात नॅसवर करा. बॅकअपसाठी वेगळा शेअर (शेअर्ड फोल्डर) आणि वेगळा युजर बनवा. सगळं ऑफिस ज्यात फायली टाकतं तो फोल्डर नको, कारण एखाद्या पीसीत रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं तर ते शेअरवरच्या फायलीही सोडत नाही. या युजरचा पासवर्ड कुठल्याही पीसीवर सेव्ह करू नका.

आता प्रॉक्समॉक्समध्ये डेटासेंटर, स्टोरेज, ॲड असं जाऊन एसएमबी/सीआयएफएस (विंडोजसारखं फोल्डर शेअरिंग) निवडा. नॅसचा आयपी, युजर आणि पासवर्ड भरला की शेअरच्या यादीत फोल्डर दिसतो. दिसला नाही तर आधी या शेअरिंगचा पोर्ट ४४५ फायरवॉलमध्ये अडलाय का ते बघा. कंटेंटमध्ये फक्त बॅकअप ठेवा. रिटेन्शन, म्हणजे किती जुने बॅकअप ठेवायचे ते, मात्र विसरू नका: रोजचे ७ आणि आठवड्याचे ४ बॅकअप लहान ऑफिसला पुरतात. ‘कीप ऑल’ तसंच राहिलं तर नॅस कधीतरी भरणारच.

मग डेटासेंटरखालच्या बॅकअपमध्ये जॉब तयार करा: वेळ रात्रीची, मोड स्नॅपशॉट (हा वरचा स्नॅपशॉट नव्हे, बॅकअप घेण्याची पद्धत आहे), कॉम्प्रेशन झेडएसटीडी. या मोडमध्ये मशीन चालूच राहतं, म्हणून आत क्यूईएमयू गेस्ट एजंट हा छोटा मदतनीस प्रोग्रॅम बसवा. बॅकअप सुरू होताना तो फाइल सिस्टिम क्षणभर थोपवतो. डेटाबेस असेल तर त्याचा डंप (सगळ्या डेटाची फाइल) मी तरी वेगळा घेईनच.

अशा शेअरवर दरवेळी पूर्ण बॅकअप जातो. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळाला, तर १०० जीबीला पंधराएक मिनिटं. नॅस मंद असेल तर मशीनही रेंगाळतं: डिस्कवरचा जुना ब्लॉक (डेटाचा तुकडा) बॅकअपमध्ये गेल्याशिवाय त्यावर नवं लिहिता येत नाही. ८.२ आवृत्तीपासून यावर ‘फ्लीसिंग’ हा पर्याय आहे; तो जुने ब्लॉक तात्पुरते वेगवान डिस्कवर ठेवतो.

पहिला बॅकअप झाला की लगेच रिस्टोअर करून बघा. मशीनचा आयडी नवा द्या, ‘युनिक’वर टिक करा म्हणजे मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाची ओळख) बदलेल. आयपी मात्र आत फिक्स केलेला असेल तर तोच राहतो आणि मूळ मशीनच्या आयपीशी भिडतो. म्हणून चालू करण्याआधी हार्डवेअरमधल्या नेटवर्क डिव्हाइसला ‘डिस्कनेक्ट’ करा. लॉगिन झालं, फायली उघडल्या, की हे चाचणीचं मशीन काढून टाका; काढताना आयडी दोनदा वाचा.