संत्र्याचा खड्डा खणण्याआधी चुनखडी ओळखा

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडलं, सासर अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातलं. माहेरी चुनखडकाचे थर आणि चुनाभट्ट्या, सासरी काळा दगड आणि संत्र्याच्या बागा. संत्र्याला जमिनीतला चुना बाधतो आणि खोडाला लावलेला चुना वाचवतो. म्हणून बागवाल्याला हा दगड ओळखता आलाच पाहिजे.

आमच्या वरुडकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. लाव्हा थंड होऊन झालेला, म्हणून अग्निजन्य. वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. वणी-गडचांदूरकडचा चुनखडक त्याहून कितीतरी जुना. तो पाण्याच्या तळाशी थरावर थर बसून झाला, म्हणून स्तरित. हाच खडक उष्णतेनं आणि दाबानं बदलला की संगमरवर होतो, तो रूपांतरित.

वावरात पांढरा खडा दिसला की लोक सरसकट चुनखडी म्हणतात. आधी लोखंडी खिळ्यानं ओरखडून पाहा. गारगोटीवर चरा उठत नाही, चुनखडीवर लगेच उठतो. मग खरवडलेल्या भुकटीवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर ते कॅल्शियम कार्बोनेट. बुडबुडे कार्बन डाय-ऑक्साइडचे. शहाबादी फरशीवर लिंबाचा डाग पडतो तो याचमुळे, तीही चुनखडकच आहे.

मातीची परीक्षा मात्र मीटरभर खोल खड्डा करूनच घ्या. वरच्या वीतभर मातीवर जाऊ नका. काळ्या दगडातलं कॅल्शियम पावसाच्या पाण्यासोबत खाली उतरतं, आणि पाणी आटलं की तिथंच खडे होऊन बसतं. दर फुटाची माती वेगळी काढा, तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. हातमोजे आणि चष्मा हवाच. माती जोरात फसफसली तर नमुना प्रयोगशाळेत द्या. मुक्त चुना, म्हणजे मातीत मिसळलेलं कॅल्शियम कार्बोनेट, १० टक्क्यांच्या वर निघाला तर तिथं संत्रा लावू नका. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. फवारणीनं झाड काही काळ सावरतं, जमीन तीच राहते. झाड फळावर यायलाच चार-पाच वर्षं जातात हो, म्हणून इतकं कळकळीनं सांगते.

आता खोडाचा चुना. भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला चुनखडकातला वायू निघून जातो. शुद्ध दगड १०० किलो असेल तर ४४ किलो वायू जातो, ५६ किलो कळीचा चुना उरतो. आकार तसाच दिसतो, पण हातात घेतला की हलका लागतो. विकत घेताना खडेच घ्या, भुकटी नको. एका खड्यावर पाणी शिंपडा. तापून, तडकून फुलला तर चुना ताजा. गार राहिला तर तो हवेतला ओलावा आणि वायू पिऊन आधीच मेलेला आहे.

डिंक्या रोगात झाडाच्या खोडातून डिंक गळतो. त्यासाठी खोडाला लावायचा चुना-मोरचुदाचा लेप म्हणजे बोर्डो पेस्ट: मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद ५ लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवा. लोखंडी भांडं चालत नाही. चुना मातीच्या भांड्यात थोडं थोडं पाणी शिंपडत विझवा, लेकरं लांब ठेवा. तो डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. विझून गार झाला की उरलेलं पाणी घालून गाळून घ्या. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि लाकडी काठीनं ढवळत राहा.

त्यात घासलेलं लोखंडी पातं बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. पातं स्वच्छ निघालं की बुंध्याला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ब्रशनं लावा, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. जेवढी त्याच दिवशी संपेल तेवढीच बनवा.