एकात एक अडकलेले ग्लास सोडवताना

काचेचे दोन ग्लास एकात एक घट्ट बसले, तर जोर लावून ओढू नका. काच तडकली तर हात कापतो. आतल्या ग्लासात गार पाणी भरा आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरा. बाहेरची काच किंचित प्रसरण पावते, आतली आकसते. मिनिटभराने हलका पीळ द्या, बहुतेक वेळा 'टक्' करून ग्लास सुटतो. हा आवाज ऐकला की मला अजूनही आनंद होतो! पाण्याची अदलाबदल मात्र करू नका, पकड उलट आवळेल. उकळतं पाणीही नको: काचेतून उष्णता हळू सरकते, एक बाजू पसरते, दुसरी तशीच राहते आणि त्या ओढाताणीत तडा जातो.

बरणीचं धातूचं झाकणही असंच सैल होतं. ॲल्युमिनियम साध्या काचेच्या जवळपास अडीचपट प्रसरण पावतं, म्हणून झाकणावर गरम पाण्याची धार सोडायची.

पाण्याची तऱ्हा वेगळी. ४ अंश सेल्सिअसच्या खाली ते थंड होताना आकसत नाही, पसरतं. आणि बर्फ होताना सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतं. म्हणून फ्रीझरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली कधीच ठेवू नका.