उलटीची गोळी: कोणती कशासाठी

नागपूरहून चिखलदऱ्याला जाताना घाटात उलटी होते आणि मे महिन्याच्या उन्हात पोट बिघडूनही होते, पण दोन्हींना औषध एकच नाही. प्रवासासाठी ऑन्डान्सेट्रॉन ही उलटीची गोळी फारशी उपयोगी नाही, कारण गडबड कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागात असते. तिथे मेक्लिझिन किंवा प्रोमेथाझिन लागतं. मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम, निघण्याच्या तासभर आधी. घाटाआधीच्या परतवाड्यापुढे मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीतच जाते. झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये.

पोटाच्या संसर्गात, कॅन्सरच्या केमोत किंवा ऑपरेशननंतर मात्र ऑन्डान्सेट्रॉनच बरं: ४ किंवा ८ मिलिग्रॅम. जिभेवर विरघळणारी गोळी दाबून बाहेर काढू नका, चुरा होतो. फॉइल सोलून कोरड्या हाताने जिभेवर ठेवा. या गोळीने कधी डोकं दुखतं, बद्धकोष्ठता होते. केमो तीव्र असेल तर अॅप्रेपिटंट आणि डेक्सामेथासोनही जोडतात.

जेवल्यावर पोट जड होऊन मळमळत असेल तर डॉम्पेरिडोन १० मिलिग्रॅम, जेवणाआधी. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर हे आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मेटोक्लोप्रामाइड या उलटीच्याच दुसऱ्या औषधाने मान-जबडा आखडू शकतो, तरुणांत जास्त. पाच दिवसांपेक्षा लांबवू नये.

गरोदरपणात डॉक्सिलामिन आणि बी६ जीवनसत्त्वाची जोडगोळी, बहुतेकदा रात्री झोपताना.

गोळीबरोबर ओआरएस हवंच: एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, घोटघोट. उलटीत रक्त किंवा हिरवं पित्त दिसलं किंवा आठ तास लघवी झाली नाही, तर मेडिकलवाल्याला विचारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.