घरात मांजर असताना दुसरी आणताय? आधी एक खोली रिकामी करा

पावसाळा लागला की पुण्यात कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटीखाली नाहीतर मीटरबॉक्सच्या मागे एखादं भिजलेलं पिल्लू ओरडत असतंच, आणि ज्यांच्या घरी आधीच मांजर आहे त्यांनाच ते सगळ्यात आधी ऐकू येतं. आणा, नक्की आणा. फक्त आणल्या आणल्या हॉलमध्ये सोडून "बघ, तुला मैत्रीण आणली" असं करू नका प्लीज, घरातल्या मांजरीला मैत्रीण वगैरे काही दिसत नसते, तिच्या जागेत अनोळखी वासाचं जनावर घुसलेलं असतं. किती दिवसांत जमेल हे जुनी मांजर ठरवते, आपण नाही. कोणाकडे दोन-तीन आठवड्यांत होतं, कोणाकडे काही महिने चालतं.

घरी न्यायच्या आधी डॉक्टर. पिसवा, जंत, कान, नायटा (हा माणसांनाही होतो) हे बघून घ्या आणि एफआयव्ही, एफईएलव्ही (मांजरींची प्रतिकारशक्ती कमी करणारे दोन व्हायरस) यांच्या टेस्टबद्दल विचारा. खरी भीती पॅनल्यूकोपेनियाची, ज्याला बरेच जण कॅट पार्व्हो म्हणतात. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून नवीन मांजर कितीही ठणठणीत वाटली तरी 14 दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा लिटर ट्रे, आणि तिच्याकडून बाहेर आलात की हात साबणाने धुवायचे, कपडे बदलायचे. हा व्हायरस घरात महिनोन्महिने टिकतो आणि हाताच्या सॅनिटायझरने मरत नाही, फरशीला पातळ केलेलं ब्लीच लागतं. जुन्या मांजरीचं ट्रायकॅटचं (पॅनल्यूकोपेनियावरचीही लस) बूस्टर राहिलं असेल तर ते आधी उरका.

खोलीत लपायला एक पुठ्ठ्याचा खोका, पाणी, खाणं आणि खाण्यापासून लांब लिटर. स्लायडिंगच्या खिडक्यांना जाळी आहे का ते बघा, घाबरलेली मांजर कितव्या मजल्यावर आहोत हे बघत नाही.

आता मुख्य काम, वास. मांजरी एकमेकींना आधी नाकाने ओळखतात. पहिल्या दिवसापासून बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या, आधी चार-पाच फूट लांब, मग रोज वाटी थोडी थोडी दाराकडे सरकवायची, आणि कोणी खाणं सोडून गुरगुरायला लागली की वाटी परत मागे, घाई नाही. 14 दिवस होऊन डॉक्टरांनी ओके दिलं की एक जुना मोजा घेऊन नवीनच्या गालावरून फिरवा (गालात त्यांच्या वासाच्या ग्रंथी असतात) आणि तो जुनीच्या वाटीजवळ ठेवा, मग उलट. त्यानंतर जागा बदला, नवीनला हॉलमध्ये आणि जुनीला त्या खोलीत तासभर, पण समोरासमोर न आणता. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग मारामाऱ्या होतात.

मग दाराच्या चौकटीत जाळी. मच्छरदाणीची नको, नखांनी फाटते, बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून जाड प्लास्टिकची नाहीतर वेल्डमेशची (जोडलेल्या तारांची) आणा. जाळीतून बघत दोघी शांतपणे जेवायला लागल्या की जाळी काढून पाच-दहा मिनिटांची भेट, दोघी पोटभर खेळून दमलेल्या असताना, आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन हाताशी ठेवून.

फिस्कारलं, एखादा पंजा उगारला, तर काही बिघडलं नाही, ते त्यांचं बोलणं आहे. कान मागे चिकटवून, न हलता टक लावून बघणं सुरू झालं की मात्र मध्ये उशी किंवा पुठ्ठा घाला आणि वेगळं करा. हात मध्ये घालायचा नाही, आणि ओरडायचं तर अजिबात नाही, विशेषतः जुनीवर. तिला रोजचं खाणं, रोजची जागा, रोजचे लाड आधी मिळालेच पाहिजेत.

लिटर ट्रे मांजरींपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघींना तीन, आणि वेगवेगळ्या जागी. एकाच कोपऱ्यात ओळीने तीन ठेवले तर मांजरींसाठी ती एकच जागा. बोका असेल तर न्यूटरिंग करून घ्या, नाहीतर सगळ्या घरात फवारे मारत फिरेल, आणि ऑपरेशननंतरही काही आठवडे न केलेल्या मादीपासून लांबच ठेवा.

दिवाळीच्या आठवड्यात किंवा जवळ ढोलपथकाचा सराव जोरात असताना ओळखपरेड नको, फटाक्याला घाबरलेली मांजर राग समोरच्या मांजरीवरच काढते. मोठ्या मांजरीने दिवसभर काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाहीये तर रात्र असली तरी लगेच न्या, सकाळची वाट बघू नका.