एपीआय क्लायंट अचानक बंद पडला? कॉन्फिग फाइलच्या या चुका टाळा

दापोलीपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावरच्या अनेक होमस्टेंचं बुकिंग आता सॉफ्टवेअरवर चालतं. खोली भरली की तिथला क्लायंट (होमस्टेच्या संगणकावरचा प्रोग्राम) एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने, मुख्य सर्व्हरला कळवतो. ऐन मे महिन्यात हे कळवणं थांबलं तर एकच खोली दोन कुटुंबांना दिली जाते. मग कुणी नेटला दोष देतं, कुणी सर्व्हरला. कॉन्फिग फाइल, म्हणजे क्लायंटच्या सेटिंग्जची फाइल, उघडायचं कुणाला सुचत नाही, कारण तिला कुणी हातच लावलेला नसतो. पण ती वाचणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) अपडेट झालेली असू शकते.

सगळ्यात फसवी चूक यामल या कॉन्फिग फाइलच्या लेखनपद्धतीत होते: आकडे अवतरणचिन्हांत न घालणं. रत्नागिरीचा एसटीडी कोड ०२३५२ नुसता लिहिला, तर यामल १.१ चे नियम पाळणारा पार्सर (फाइल वाचणारा कोड) सुरुवातीचं शून्य पाहून ती अष्टमान (फक्त ० ते ७ अंकांची) संख्या धरतो आणि क्लायंटला १२५८ मिळतात. मालवणच्या ०२३६५ चे १२६९ होतात. दापोलीचा ०२३५८ मात्र सुखरूप राहतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही! म्हणून दापोलीत चाचणी पास होते आणि रत्नागिरीत घोळ होतो. २००९ च्या यामल १.२ मध्ये नियम बदलले, तिथे रत्नागिरीचा कोड २३५२ वाचला जातो. चेक-इनची वेळ १२:३० लिहिली तर १.१ मध्ये तिचे ७५० होतात, आवृत्ती १.१० ची १.१ होते. फोन, पिन कोड, वेळ, आवृत्ती हे सगळं अवतरणचिन्हांतच लिहा.

दुसरी चूक सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. नव्या आवृत्तीत ‘सर्व्हर’ या कीचं, म्हणजे सेटिंगचं, नाव ‘बेस यूआरएल’ करायचं आणि जुनी की गुपचूप दुर्लक्षित करायची. क्लायंट डीफॉल्ट (आधीच ठरवून दिलेला) पत्ता उचलतो, बुकिंग भलत्याच सर्व्हरवर जातात आणि एररही येत नाही. अनोळखी की दिसली तर क्लायंटने तिचं नाव सांगून थांबलंच पाहिजे. फाइलमध्ये फॉरमॅटचा आवृत्ती क्रमांक ठेवा, जुनी की काही काळ इशारा देऊन चालू द्या.

मे २०२२ मध्ये कुबरनेटीस या अनेक सर्व्हर एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची १.२४ आवृत्ती आली, तेव्हा त्याच्या क्यूबकॉन्फिग या कॉन्फिग फाइलमधला लॉगिन प्लगइनचा जुना अल्फा (प्राथमिक) फॉरमॅट काढून टाकला गेला. क्लस्टर (सर्व्हरचे गट) ठणठणीत होते, तरी क्यूबसीटीएल हा त्याचा नवा क्लायंट जुन्या फाइलवर अडला. पण निदान एररमध्ये चुकीच्या एपीआय आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख होता, त्यामुळे दुरुस्ती सापडत होती.

कॉन्फिग फाइल जेसन या दुसऱ्या लेखनपद्धतीत असेल तर तिथे शेवटचा जादा स्वल्पविराम किंवा कॉमेंट चालत नाही, हेही तपासा.

बिघाड शोधताना फाइलकडे बघत बसू नका. क्लायंटने प्रत्यक्षात काय वाचलं ते प्रकारासकट (आकडा की मजकूर), पासवर्ड झाकून, छापून घ्या. आणि प्रत्येक गावात चालू असलेल्या जुन्या फाइलची एक प्रत चाचण्यांत ठेवा. नवी आवृत्ती त्या सगळ्या फाइल वाचत नसेल, तर ती हंगामात पाठवू नका.