ड्रममध्ये नळी बुडवून ठेवू नका: फवारणीच्या हंगामात पिण्याचे पाणी असे सांभाळा

फवारणीचे दिवस आले की २०० लिटरचा ड्रम, त्यात सोडलेली नळी आणि शेजारी औषधाची बाटली असे चित्र शेतोशेत दिसते. नळीचे तोंड ड्रमच्या तळाला टेकवलेले असते, कारण तसे केले की पाणी उडत नाही आणि फेसही कमी होतो. सोयीपायी लागलेली ही सवय या हंगामात मोडा. त्याच लाइनवर घरचे पिण्याचे पाणी किंवा जनावरांचा हौद असेल, तर आजच मोडा.

पाणी जिकडे दाब कमी तिकडे जाते. लाइट गेली, मोटर थांबली, खालच्या अंगाला कोणी मोठा कॉक उघडला किंवा पाइप फुटला, की लाइनमधले पाणी उताराने निघून जाते आणि मागे पोकळी तयार होते. ड्रममधून डिझेल काढताना आपण नळी तोंडाने ओढतो आणि मग ते आपोआप वाहत राहते, अगदी तसेच इथे घडते. फक्त ओढणारे टोक विहिरीत किंवा घरच्या टाकीत असते. हवेचा दाब पाण्याला जवळजवळ १० मीटर उंच ढकलू शकतो. त्यामुळे मीटरभर उंचीच्या ड्रमच्या काठावरून नळी गेली आहे म्हणून औषध मागे जाणार नाही, या भरवशावर राहू नका. उतार चांगला असेल तर इंची नळी २०० लिटरचा ड्रम दहा मिनिटांच्या आत रिकामा करते. परत येऊन पाहिल्यावर आपल्याला वाटते, ड्रम भरायचाच राहिला असेल.

यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय फुकटचा आहे. नळीचे तोंड आणि ड्रमचा काठ यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवा. हे अंतर नळीच्या आतील व्यासाच्या निदान दुप्पट हवे आणि कोणत्याही परिस्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. म्हणजे २५ मिलिमीटरच्या नळीला ५० मिलिमीटर. अंतर मोजायचे ते ड्रमच्या वरच्या काठापासून. पाण्याच्या पातळीपासून मोजाल तर ड्रम काठोकाठ भरल्यावर तेच अंतर शून्य होईल. फेस येणारे औषध असेल तर आणखी उंच ठेवा. नळी हातात धरून कोणी उभे राहत नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणून ड्रमशेजारी एक खांब रोवून नळी त्याला तारेने कायमची बांधून टाका. झडप अडकते, रबर झिजते, स्प्रिंग गंजते. मोकळ्या हवेत बिघडण्यासारखे काही नसते.

ठिबकमधून खत सोडताना मात्र मोकळी हवा ठेवता येत नाही, कारण तिथे खताचे द्रावण थेट दाबाच्या लाइनमध्ये जाते. व्हेंचुरी (पाण्याच्या वेगाने खताचे द्रावण लाइनमध्ये ओढून घेणारे साधन) चालू असताना मोटर बंद पडली की दोनपैकी एक गोष्ट होते. लाइनमधले पाणी उलटे फिरून खताच्या टाकीत शिरते आणि टाकी भरून वाहू लागते, किंवा विद्राव्य खत पाण्यासोबत थेट विहिरीत उतरते. यातली पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते तरी. खत सोडायला वेगळा पंप असेल तर आणखी एक धोका आहे: मुख्य मोटर थांबली तरी तो पंप चालूच राहतो आणि रिकाम्या लाइनमध्ये कडक द्रावण भरत बसतो. मुख्य मोटर बंद होताच खताचा पंपही बंद होईल, अशी जोडणी वायरमनकडून करून घ्या.

झडपांचा क्रम महत्त्वाचा आहे. मोटरनंतर आणि खत जिथे मिसळते त्या जागेच्या आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, हवा. मोटर आणि हा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पाइपच्या वरच्या बाजूला, पोकळी होताच हवा आत घेणारा एअर व्हॉल्व्ह बसवा. त्याच तुकड्यात पाइपच्या तळाला, दाब गेला की आपोआप उघडणारा निचरा ठेवा. व्हॉल्व्हमधून झिरपलेले पाणी या निचऱ्यातून बाहेर पडते, विहिरीत जात नाही. निचऱ्याचे तोंड विहिरीपासून लांब, उताराकडे काढा. खताच्या नळीवरही स्वतंत्र छोटा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवा. फुटव्हॉल्व्ह आहे ना, मग एवढे कशाला, असे विचारणारे भेटतात. फुटव्हॉल्व्ह म्हणजे ओढणाऱ्या पाइपच्या विहिरीतल्या टोकाची झडप; तिचे काम मोटरचे पाणी उतरू न देणे हे आहे. त्यात काडीकचरा अडकला तरी पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही.

बोअरवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. मोटर सुरू होताना भार कमी पडावा म्हणून किंवा पाइप उचलणे सोपे जावे म्हणून बोअरमधल्या व्हॉल्व्हला काही ठिकाणी भोक पाडलेले असते. अशा बोअरमध्ये मोटर थांबताच सगळे पाणी खाली उतरते. वर जमिनीवर चांगला व्हॉल्व्ह नसेल तर या बोअरवरून खत सोडूच नका.

व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. लाइन भरलेली असताना मोटर बंद करा आणि मोटर व व्हॉल्व्ह यांच्यामधला कॉक उघडा. त्या तुकड्यातले पाणी निघून धार थांबली तर व्हॉल्व्ह धरतो आहे. धार चालूच राहिली तर व्हॉल्व्ह गळतो आहे; आत वाळू किंवा रबराचा तुकडा अडकला असेल. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि गढूळ पाणी उपसल्यानंतर पुन्हा एकदा ही परीक्षा घ्या.

फवारणीच्या एचटीपी पंपाची (जास्त दाबाने फवारणाऱ्या पंपाची) ओढणारी नळी घरच्या नळाला थेट जोडू नका. तो पंप शेजारच्या नळांतले पाणीही ओढून घेतो आणि तिथे पोकळी करतो. आधी ड्रम भरा, मग ड्रममधून ओढा. जनावरांच्या हौदात फ्लोट व्हॉल्व्हचे (हौद भरला की आपोआप बंद होणाऱ्या कॉकचे) तोंड पाण्यात बुडालेले असेल तर तेही काठाच्या वर घ्या.

एवढे करूनही औषध किंवा खत मागे गेल्याची शंका आली, तर आधी मुख्य कॉक बंद करा आणि त्या लाइनवरच्या प्रत्येक घराला सांगा. माणसांना, जनावरांना ते पाणी देऊ नका. उकळून पिऊ, असे कोणी म्हटले तर थांबवा: खतातले नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि सर्वांत जास्त धोका बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना असतो. ब्लीचिंग पावडर जंतू मारते, पण तिच्या भरवशावर कीटकनाशक गेले असे समजू नका. विहिरीचे पाणी उपसून टाका, ते ओढ्यात सोडू नका. नमुना प्रयोगशाळेत देताना औषधाचे नाव सांगा, नाहीतर नेहमीच्या तपासणीत ते औषध शोधलेही जाणार नाही. बाटली आणि तिच्यावरचे लेबल जपून ठेवा. कोणाला मळमळ, चक्कर, घाम किंवा लाळ सुटली तर डॉक्टर तेच आधी मागतील.